धर्मांतर एका क्षणात घडते का?

माणसाची श्रद्धा बदलते तेव्हा तो बदल एका क्षणात होतो की वर्षानुवर्षे मुरत येतो, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. दमास्कसच्या वाटेवरचा पौल, सोपाऱ्याचा बाहिय, कलिंगानंतरचा अशोक किंवा नागपूरची १४ ऑक्टोबर १९५६ ची सकाळ, यांच्याविषयी बोलताना ‘अकस्मात’, ‘एकाएकी’, ‘एका दिवसात’ हे शब्द हमखास येतात. ऐकणाऱ्याची मग समजूत होते की जे घडले ते विचाराविना घडले. ही समजूत कितपत खरी हे ठरवण्याआधी ‘अचानक’ म्हणताना नेमके काय सांगितले जाते, ते सोडवून पाहावे लागते. त्या एका शब्दात तीन निराळी विधाने दडलेली असतात.

‘अकस्मात’ हा शब्द फोडला तर ‘कशामुळेही नाही’ असा अर्थ निघतो. म्हणजे हे विधान कारणाबद्दलचे आहे. ‘अवचित’ किंवा ‘ध्यानीमनी नसताना’ म्हटले की विधान पाहणाऱ्याच्या माहितीबद्दलचे होते. कारण असेलही, पण त्याला ते ठाऊक नव्हते. ‘क्षणात’, ‘तत्काळ’, ‘एका झटक्यात’ हे शब्द फक्त वेळ मोजतात. वीज कोसळली तर तिन्ही प्रकारचे शब्द चालून जातात, म्हणून रोजच्या बोलण्यात हा फरक कुणाला जाणवत नाही. श्रद्धेच्या बाबतीत मात्र तो फार मोलाचा आहे. एखाद्याने क्षणात प्रतिज्ञा केली, यावरून त्याने ती विनाकारण केली असे निघत नाही. तरीही बहुतेकजण तसेच धरून चालतात.

ग्रीकांनीही ही विभागणी केली होती. योगायोगाने हाती आलेल्या गोष्टीला त्यांच्याकडे ‘त्युखे’ म्हणत, आपोआप घडल्यासारख्या वाटणाऱ्या गोष्टीला ‘ऑटोमॅटॉन’ आणि क्षणात घडलेल्या गोष्टीला ‘एक्झायफ्नेस’. पहिल्या दोन शब्दांचा विचार ॲरिस्टॉटलने आपल्या भौतिकीवरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, कारणांच्या चर्चेला जोडून केला. तिसऱ्याचा विचार चौथ्या भागात, काळाच्या चर्चेत येतो. कारणाचा प्रश्न आणि वेळेचा प्रश्न एकच नव्हेत, हे त्याने ग्रंथाच्या मांडणीतूनच दाखवले.

कारणाविना काही घडते का, यावर भारतीय दर्शनांत कडाक्याचा वाद झाला. श्वेताश्वतर उपनिषदात जगाच्या मुळाशी काय असेल याची चाचपणी आहे. तिथे काळ, स्वभाव आणि नियती यांच्या पंक्तीला यदृच्छाही बसवलेली दिसते. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात काट्याच्या तीक्ष्ण टोकाचा दाखला देणारा एक पूर्वपक्ष येतो: काट्याला टोक कुणी काढले नाही, तशा सगळ्याच वस्तू निमित्तावाचून होतात. या मताचा सर्वांत नेमका समाचार दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त घेतला. ‘अकस्मात होते’ या विधानाचे जितके अर्थ संभवतात तितके त्यांनी एकेक करून तपासले आणि एकही टिकत नाही असे दाखवले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा सोपा आहे. जी गोष्ट काल नव्हती आणि आज आहे, ती कशावर तरी अवलंबून असलीच पाहिजे. कशावरच अवलंबून नसती तर ती सदासर्वकाळ असती, नाहीतर कधीच नसती. अमुक वेळी होणे तिच्या वाट्याला आले नसते. उदयनांना यातून ईश्वराच्या अस्तित्वाकडे जायचे होते. पण तिथवर त्यांच्यासोबत न जाणाऱ्या वाचकालाही हा मधला टप्पा मान्य करावा लागतो. जी निष्ठा काल नव्हती आणि आज आहे, तिला कारण असते. ‘अकस्मात’ हा शब्द मूळ अर्थाने घेतला तर धर्मांतराला तो लागूच पडत नाही.

योगायोगाचे उत्तरही याच दिशेने जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे मराठीत म्हणतात. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसला त्याला कारण आहे, फांदी कुजली त्यालाही आहे. फक्त दोन्ही एका वेळी यावीत यामागे तिसरे कुणी नाही. ॲरिस्टॉटलचा दाखला बाजारातला आहे. एक माणूस वेगळ्याच कामासाठी बाजारात जातो आणि तिथे त्याचा देणेकरी नेमका पैसे घेऊन भेटतो. वसुली झाली, पण वसुलीसाठी तो गेलेला नव्हता. योगायोग म्हणजे कारणाचा अभाव नव्हे; स्वतंत्रपणे चाललेल्या दोन कारणांच्या वाटा एकमेकींना छेदतात, इतकेच.

दुसरा अर्थ, म्हणजे आधी न कळणे, हा पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. नागपूरच्या इतिहासातली एक घटना इथे उपयोगी पडते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात नागपूरला आले. शाळा, भूगर्भशास्त्र आणि गोंड लोकांची भाषा-गीते यांवर त्यांनी काम केले. शहरातले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत होते. वाटेतला पावसाने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यांच्या मित्रांना आणि विद्यार्थ्यांना ही बातमी धक्क्यासारखी आली. पण ओढ्याचे पाणी वाढते ते वरच्या अंगाला पडलेल्या पावसाने. वर उभ्या असलेल्या गुराख्याला पूर येणार हे आधीच कळते, खाली उतरणाऱ्या स्वाराला कळत नाही. एकच घटना एकाच्या लेखी अवचित आणि दुसऱ्याच्या लेखी अपेक्षित असू शकते. म्हणून ‘अवचित’ हे घटनेचे लक्षण मानता येत नाही. ते पाहणारा कुठे उभा होता, हे सांगते.

श्रद्धेच्या बाबतीत ही चूक वरचेवर होते. कवी नारायण वामन टिळक काही काळ नागपूरला बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. पुढे १८९३ साली नाशिकहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाची गाठ पडली आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आप्तेष्टांवर जणू आभाळ कोसळले. पण टिळकांच्या बाजूने पाहिले तर गाडीतली भेट हा सुरुवातीचा बिंदू नव्हता. माणसामाणसांत भेद न करणारा धर्म कसा असावा याची जुळवाजुळव त्यांच्या मनात आधीपासून चालली होती, आणि पुस्तक हाती आल्यावरही निर्णयाला जवळजवळ दोन वर्षे लागली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मार्ग तर आणखी लांबचा. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला तो ठाऊक आहे: नवऱ्यापासूनची ताटातूट, मग परतल्यावर वेगळा स्वयंपाक आणि वेगळे पाणी, मग विटाळाच्या कल्पनेशी स्वतःच स्वतःशी केलेला झगडा आणि अखेरीस १९०० सालचा बाप्तिस्मा. एकाच घरातली ही दोन धर्मांतरे. नवऱ्याचे जगाला अचानक वाटले, बायकोचे तसे वाटले नाही. फरक एवढाच की तिच्या मनातले टप्पे तिने लिहून ठेवले.

तिसरा अर्थ सर्वांत अवघड आहे. बदल नेमका कधी होतो? थांबलेली वस्तू चालू लागते, तेव्हा ज्या क्षणी ती थांबलेली आहे त्या क्षणी ती चालत नसते, आणि ज्या क्षणी चालते त्या क्षणी थांबलेली नसते. मग बदलाचा क्षण कोणता? प्लेटोने ‘पार्मेनिडीस’ या संवादात याला दिलेले उत्तर चमत्कारिक आहे: गती आणि स्थिती यांच्या मधोमध हा ‘एक्झायफ्नेस’ असतो आणि तो कोणत्याच काळात नसतो. ॲरिस्टॉटलला हे पटले नाही. त्याच्या मते या शब्दाचा अर्थ एवढाच की बदलाला लागलेला वेळ इतका थोडा असतो की तो जाणवत नाही. थेरवादी अभिधम्मानेही क्षणाची अशीच बारीक चिकित्सा केली. चित्ताचा प्रत्येक क्षण उत्पत्ती, स्थिती आणि भंग अशा तीन अवस्थांत विभागला, आणि मार्गचित्त, म्हणजे ज्या चित्ताने निर्वाणाचे पहिले दर्शन होते ते, एकच क्षण टिकते असे सांगितले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. क्षणाला इतके महत्त्व देणाऱ्या या विचारवंतांनी तयारीला कमी लेखले नाही. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये सौंदर्याचे दर्शन एकाएकी होते खरे; पण एका देहाच्या प्रेमापासून सर्व देहांच्या, तिथून आचारांच्या, तिथून विद्यांच्या प्रेमापर्यंत पायऱ्या रीतसर चढलेल्यालाच ते होते. पाली ग्रंथांतली बुद्धाची उपदेशपद्धतीही याच वळणाची. ऐकणारा यश असो की उपाली गृहपती, आधी आनुपूर्वी कथा, म्हणजे क्रमाने केलेला उपदेश, होते: दान, शील, स्वर्ग, कामभोगांतील दोष, त्यागातील लाभ. ऐकणाऱ्याचे चित्त मऊ आणि मोकळे झाले, अडथळे गळाले, असे दिसल्यावरच चार आर्यसत्ये सांगितली जातात. आणि मग, बसल्या जागी, त्याला धर्मचक्षू प्राप्त होतो. तिथे दृष्टांत येतो तो डाग नसलेल्या स्वच्छ वस्त्राचा. असे वस्त्र रंग चटकन धरते. रंग क्षणात धरला तरी धुणे आधी झालेले असते. महासागराचा तळ हळूहळू उतरत जातो, एकदम कडा येत नाही, तसा धर्मातही शिक्षणाचा क्रम आहे, असेही बुद्धवचन आहे. पुढे आठव्या शतकात तिबेटमध्ये क्रमवादी कमलशील आणि तत्काळवादी चिनी आचार्य मोहेयान यांचा मोठा वाद झाल्याचे तिबेटी परंपरा सांगते, आणि त्यात क्रमवादाची सरशी झाल्याचे मानते. चीन-जपानच्या झेन परंपरेत दुसऱ्या पक्षाला मान मिळाला.

बौद्ध परंपरेत सर्वांत जलद ज्ञान झालेला म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो बाहिय दारुचीरिय आजच्या महाराष्ट्रातला. सुप्पारक म्हणजे सोपारा, सध्याचे नालासोपारा. पश्चिम किनाऱ्यावरचे हे बंदर ग्रीक खलाशांनाही माहीत होते. ‘उदान’ ग्रंथातली कथा अशी: सालीची वस्त्रे नेसणाऱ्या बाहियाला लोक मान देत, आणि आपण अर्हत झालो असे त्यालाही वाटू लागले होते. एका देवतेने त्याला सुनावले की तू अर्हत तर नाहीसच, अर्हत होण्याच्या वाटेवरही नाहीस. तो तसाच निघाला आणि श्रावस्तीला पोहोचला. बुद्ध भिक्षेसाठी गावात होते. बाहियाने तिथेच उपदेश मागितला. ही वेळ नव्हे, असे त्याला दोनदा सांगण्यात आले. आयुष्याचा भरवसा नाही, असे म्हणत त्याने तिसऱ्यांदा मागणे केले. मिळालेला उपदेश चार ओळींचा: पाहिलेल्यात फक्त पाहिलेले असू दे, ऐकलेल्यात फक्त ऐकलेले, अशा आशयाचा. तेवढ्यावर तो मुक्त झाला. थोड्याच वेळात वासरू सोबत असलेल्या गाईने त्याला मारले. कथेतला ज्ञानाचा क्षण खरोखर क्षणाचाच. पण सोपाऱ्यात स्वतःविषयीचा भ्रम फुटला नसता तर श्रावस्तीची वाटच धरली गेली नसती, आणि दोनदा नकार ऐकूनही तो तिथून हलला नाही.

पौलाची कथाही दोन तऱ्हांनी सांगितलेली आहे, आणि दोन्ही बायबलमध्येच आहेत. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दमास्कसजवळ त्याच्याभोवती आकाशातून प्रकाश चमकला, तिथे ग्रीक मुळात ‘एक्झायफ्नेस’ हाच शब्द आहे. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल स्वतः मात्र प्रकाशाचे वर्णन करत नाही. आधी आपण ख्रिस्ती मंडळीचा छळ करत होतो, मग बोलावणे आले, मग अरबस्थानात गेलो, दमास्कसला परतलो, तीन वर्षांनी यरुशलेमला गेलो, असा तो हिशेब देतो. दुसऱ्याने सांगितलेली हकिकत क्षणाभोवती फिरते. ज्याच्यावर बेतली त्याची हकिकत वर्षांतून चालते.

अशोकाचेही तसेच. कलिंगाचे रक्त पाहिले आणि राजा बदलला, असे शाळेच्या पुस्तकांतून शिकवले जाते. अभिषेकानंतर आठव्या वर्षी कलिंग जिंकल्याचे आणि त्याचा पश्चात्ताप झाल्याचे तेराव्या शिलालेखात आहेच. पण रूपनाथसह अनेक ठिकाणी सापडलेल्या लघुशिलालेखात अशोक स्वतःबद्दल जे सांगतो ते फार प्रांजळ आहे: आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहोत, मात्र त्यातल्या पहिल्या वर्षभरात फारसा उत्साह दाखवला नाही, संघाच्या सान्निध्यात आल्यावर जोमाने प्रयत्न सुरू केले. सम्राटाने आपल्या धर्मजीवनातला थंड काळ दगडावर कोरून घ्यावा, ही जगाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट आहे. १९५८ साली कंदाहारला सापडलेल्या लेखात त्याच्या आज्ञेचे ग्रीक आणि ॲरेमाइक रूप आहे. त्यातला ग्रीक मजकूरही दहा वर्षे पूर्ण झाल्यावर राजाने लोकांना धर्म दाखवला, अशी कालगणना करूनच सुरू होतो.

या पार्श्वभूमीवर नागपूरचा दिवस पाहावा. १४ ऑक्टोबर १९५६ ही अशोक विजयादशमी. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात आले. लस संस्थेजवळच्या मोकळ्या मैदानावर वामनराव गोडबोले आणि भारतीय बौद्ध जन समितीच्या कार्यकर्त्यांनी सोहळ्याची व्यवस्था केली होती. लोकांनी पांढरी वस्त्रे नेसून यावे असे आवाहन होते. गावोगावहून माणसे रेल्वेने, बैलगाडीने आणि पायी आली. उपस्थितांचे आकडे वेगवेगळे दिले जातात. तीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत. सकाळी कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांना पालीतून त्रिशरण आणि पंचशील दिले. बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीला वंदन करून कमळे वाहिली आणि जुन्या धर्माचा त्याग जाहीर केला. त्यानंतर ते समुदायाकडे वळले. ज्यांना धम्म स्वीकारायचा आहे त्यांनी उभे राहावे, असे त्यांनी सांगितले. मैदान उभे राहिले. मग त्यांनी स्वतः सर्वांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या.

वेळ मोजणारा म्हणेल, एका सकाळीत लाखोंचा धर्म बदलला. ‘क्षणात’ हा शब्द इथे खरा आहे. उरलेले दोन शब्द मात्र खरे नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की जन्म कुठे घ्यावा हे हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. तिथून दीक्षेपर्यंत एकवीस वर्षे आणि एक दिवस गेला. त्याआधी १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले होते. महाडचा १९२७ चा सत्याग्रह आणि १९३० पासूनचा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह हे आतून सुधारणा होते का, याची परीक्षा पाहणारे होते. १९३६ च्या मे अखेरीस मुंबईत मुंबई इलाखा महार परिषद भरली. तिथले ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण वाचले तर धर्मांतराची ऐहिक आणि आध्यात्मिक बाजू, त्यावरचे आक्षेप आणि त्यांची उत्तरे, असे एखाद्या खटल्यासारखे मुद्दे मांडलेले दिसतात. शेवटी बुद्धाने आनंदाला केलेला अखेरचा उपदेश येतो: स्वतःच स्वतःचा दीप व्हा. बौद्ध धम्माचा निर्णय जाहीर नव्हता, शीख धर्माचाही विचार चालू होता, तरी भाषणाचा शेवट त्यांनी बुद्धाजवळच केला. पुढे १९४६ चे मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० ची श्रीलंका भेट, १९५४ ची रंगूनची परिषद, त्याच वर्षी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना, १९५५ मधील भारतीय बौद्ध महासभा आणि २४ मे १९५६ रोजी मुंबईच्या नरे पार्कवर केलेली घोषणा. वरच्या अंगाला पाऊस किती वर्षे पडत होता हे पाहण्याची इच्छा असणाऱ्याला ते दिसत होते.

नागपूरकडेही आपली पूर्वतयारी होती. एम्प्रेस मिलच्या मजुरीने इथल्या महार वस्त्यांना सावकार-पाटलाच्या बाहेरचा पैसा दाखवला होता. किसन फागुजी बनसोड्यांनी शाळा, वसतिगृहे आणि ‘विटाळ विध्वंसक’सारखी पत्रे चालवली. १९२० ची शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखालील बहिष्कृत परिषद इथेच झाली आणि जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापनाही इथेच. नागपूर का निवडले, याचे उत्तर बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात दिले: बुद्धाचा धम्म पसरवणारे नाग लोक या भागातले, इथल्या एखाद्या संघटनेला खिजवण्याचा त्यात हेतू नाही.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. एकवीस वर्षांचा अभ्यास एका माणसाचा. मैदानात उभ्या राहिलेल्या लाखोंनी तो केला होता का? सर्वांनी ग्रंथ वाचले होते असे कुणी म्हणणार नाही. पण कारण हे ग्रंथातच असावे लागते, असा नियम नाही. विहिरीवर पाणी न मिळणे, शाळेत बाहेर बसणे, मेलेले ढोर ओढायची सक्ती, देवळाच्या पायरीवरून परत फिरणे हे ज्याने भोगले त्याच्यापाशी धर्म सोडण्याचे कारण पिढ्यान्‌पिढ्या होते. नवा धर्म कोणता, हे ज्याच्यावर विश्वास होता त्याने शोधून सांगितले. शिवाय धर्म बदलल्याची किंमतही होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळत नव्हत्या; केंद्राच्या पातळीवर त्या १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. चौतीस वर्षे तोटा सोसणाऱ्या समाजाच्या निर्णयाला आवेगाचा निर्णय म्हणणे अन्यायाचे आहे.

तरीही क्षणाला गौण ठरवून चालणार नाही, आणि हे बाबासाहेबांनीच सर्वांत स्पष्टपणे पाहिले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी नोंदवले आहे की भिक्षूंसाठी संघदीक्षा होती, पण सामान्य उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. ही मोठी उणीव होती आणि भारतातून धम्म लोपण्याचे ते एक कारण ठरले. उपासकाला एकीकडे बुद्धाला वंदन आणि दुसरीकडे जुने देव-व्रते, अशी दोन्ही दारे उघडी राहिली. केवळ हळूहळू पटत जाणे पुरे नाही. ज्या क्षणाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे असे बोट ठेवून दाखवता येते, असा क्षण हवा. बावीस प्रतिज्ञा त्यासाठीच रचल्या. आधी काय मानणार नाही, काय करणार नाही, हे एकेक नाव घेऊन सांगितले आहे. मग समता, अष्टांगिक मार्ग, पारमिता आणि शील. शेवटाकडे आज आपला नवा जन्म होत असल्याचा स्वीकार येतो. प्लेटोच्या भाषेत बोलायचे तर एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याची रेघ कुठे आहे, हे त्या प्रतिज्ञा दाखवतात.

नवा जन्म झाला तर माणूस तोच राहिला की दुसरा झाला? हाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक राजाने विचारला होता. मेनांदर, पालीत मिलिंद, हा वायव्येकडचा ग्रीक राजा. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत तेच बिरुद आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात तो भिक्षू नागसेनाला एकामागून एक प्रश्न घालतो. नागसेन दिव्याचा दाखला देतो: रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, आणि निराळीही नव्हे. राजाचा स्वीकार येतो तो प्रश्न संपल्यावर. बाबासाहेबांना हा राजा जवळचा वाटला यात नवल नाही. १९५० साली औरंगाबादला त्यांनी काढलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि त्याचा परिसर नागसेनवन.

नागपूरच्या मैदानावरून घरी गेलेल्या माणसांचेही दिव्यासारखेच झाले. घर तेच, गाव तेच, काम तेच. देव्हाऱ्यातल्या मूर्ती मात्र विसर्जित झाल्या, लग्नविधी बदलले, मुलांची नावे बदलली. काही घरांत जुन्या चालीरीती बरीच वर्षे रेंगाळल्या. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला दीक्षासोहळा झाला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरला अंत्ययात्रेला आलेल्यांना भदंत आनंद कौसल्यायन यांनी दीक्षा दिली. १९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे १ लाख ८० हजार बौद्ध होते. १९६१ मध्ये साडेबत्तीस लाख, त्यांपैकी सुमारे २७ लाख ९० हजार महाराष्ट्रात.

या प्रश्नावर स्वतःचे मत बनवू पाहणाऱ्या वाचकाने दोन भाषणे एकापाठोपाठ वाचावीत: १९३६ चे ‘मुक्ती कोन पथे?’ आणि १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण. दोन्ही मराठीत आहेत, दोन्ही छापील रूपात सहज मिळतात.